पांढरी दोन

शनिवारी साडेसहाला तालीम.
रास्ता पेठेतल्या आमच्या देवळात तेव्हा
वेदीपाशी एकच ट्यूबलाइट लावतात,
बाकीचे बाक अंधारात,
आणि मकासरे सर पेन्सिलीने स्टँडवर टक टक करत म्हणतात,
आल्टो, पुन्हा.

आल्टो म्हणजे आम्ही तिघी.
आमच्या ओळीला चाल अशी नसतेच.
वर सोप्रानो झोके घेत जातात,
खाली बेस भिंत बांधत राहतो,
आम्ही मधे, चार चार मात्रा एकाच स्वरावर,
गिरणीच्या रांगेत डबा धरून उभं राहावं तशा.
"चांगली आल्टो ऐकू येत नाही," एस्तेरबाई म्हणते,
"नसली की ऐकू येते."

एस्तेरबाई रणपिसे. बत्तीस वर्षं ससूनमध्ये नर्स.
डावा कान गेल्या नाताळापासून गेला.
तेव्हापासून तिचा सूर उतरतो,
चीर गेलेल्या माठातलं पाणी उतरतं तसा,
बघत बसलं तर दिसत नाही.
सरांनी मला तिच्या उजवीकडे उभं केलं.
"तिच्या कानात सूर धर. बोलू नकोस काही."
तिला ठाऊक होतं.
तिने फक्त त्या बाजूचे केस कानामागे सारले.

कापणीच्या सणाचा रविवार.
वेदीपुढे ज्वारीची कणसं, दुधी, अंड्यांची टोपली,
कोणीतरी आणलेली पाय बांधलेली कोंबडी,
सगळं लिलावाची वाट बघत.
उपदेश लांबला.
मग विशेष गीत. साथीशिवाय. काळी दोन.

पहिलं कडवं नीट.
दुसऱ्यात ती उतरू लागली.
मी सूर धरला होता, खरंच धरला होता,
दाताखाली दोरा धरावा तसा,
आणि तिच्या-माझ्या मधे
एक खरखर, मागच्या बाकापर्यंत जाईल अशी.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
तिचा अंगठा वहीत, स्वतःच्याच जुन्या खुणेवर:
इथे श्वास.

मी श्वास घेतला
आणि दोरा सोडला.

उतरले तिच्याबरोबर.
पलीकडून सगुणा आढाव उतरली,
मग टेनर, मग कुरकुरत बेस,
सोप्रानो सगळ्यांत शेवटी, नाइलाजाने.
सरांचा हात हवेत अर्धी मात्रा थांबला,
पुन्हा चालू लागला.

राहिलं आमेन. ते ऑर्गनवर.
ऑर्गनपाशी अनुग्रह हिवाळे, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला,
त्याच्या पुढ्यात छापलेलं आमेन
काळी दोनमधलं.
मी डोळे मिटले.
बोटं पट्ट्यांवर टेकायला क्षणभर उशीर झाला,
एवढाच,
मग डावीकडे एक घर सरकून
पांढरी दोन.
आ
मेन.
समोर कोंबडी ओरडली.

दुधी साडेतीनशेला गेला, कोंबडी नऊशेला.
फाटकाशी एस्तेरबाईने विचारलं,
"उतरलो का गं आपण?"
"थोडे," मी म्हटलं.

आपण म्हणाली होती,
हे मला क्वार्टर गेटच्या सिग्नलला लक्षात आलं.