हाकेला ओ

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावघराच्या माळ्यावर
टुम्मासची लायब्ररी एकोणतीस वर्षं चालते आहे.
सी-मध्ये लिहिलेली. फार बोलत नाही.
रेडिओ ऐकत बसते, आणि बोटी खाडीत शिरल्या
की हाक मारते.

ओ द्यायचं काम माझं. पायथनमध्ये.

हाक अशी येते: आधी एक आकडा, नावं किती ते.
मग नावं नाहीतच, मग एक पत्ता.
त्या पत्त्यावर जावं तर तिथे पत्त्यांची रांग,
आणि एकेका पत्त्यावर, दारामागे,
अक्षराला अक्षर टेकवून उभं एक नाव.
नावाच्या शेवटी शून्य:
थांब, पुढचं घर दुसऱ्याचं आहे.

पहिल्या हाकेला ओ दिली.
दुसरीला ‘हायारोस’ आडवी आली.
तिच्या नावाच्या पोटात ‘एद’ आहे,
आम्ही लिहितो पण उच्चारत नाही ते अक्षर.
जन्मभर आम्ही जे गिळत आलो
ते यंत्राच्या घशात अडकलं.
ते सोपं होतं. टुम्मासच्या काळची अक्षरांची सारणी वेगळी,
माझ्या ओळीतला एक शब्द बदलला, झालं.

पण तिसरी हाक.
कधी तिसरी, कधी अकरावी.
चूक दाखवत नाही, ओळ सांगत नाही,
प्रोग्राम नुसता नाहीसा.
खालून बाइंता ओरडते:
‘अगं पडदा काळा झाला, काट्यावर चाळीस पेट्या आहेत!’

तीन रात्री मी टुम्मासच्या कोडमध्ये चूक शोधली.
म्हाताऱ्यावर संशय घेणं सोपं असतं.
रविवारी बांध ओलांडून, बोगद्यातून
लॅपटॉप घेऊन कुनोयला गेले.

चष्मा कपाळावर सारून त्यानं वाचलं.
‘हे फंक्शन तू गुंडाळून मला दिलंस. मग?’
मग काय?
‘मग स्वतःच्या हातात काय ठेवलंस?’

काही नाही.

‘माझ्याकडे नुसता पत्ता आहे, पोरी. घर तुझ्या बाजूचं.
तुमच्याकडचा झाडूवाला आला, त्यानं पाहिलं,
या घराचं नाव कुणीच घेत नाही,
पाडून गेला.
मी आपला मोकळ्या जागेला हाका मारतोय.’

मग, मी कोट चढवताना:
‘आणि नावं उतरवून घेतेस ना? ती उसनी असतात.
ओ देऊन तू वळलीस
की मी पाटी पुसतो.’

फाइलच्या अगदी वर आता एक नाव आहे,
त्याला ते फंक्शन बांधलेलं.
पुढे ते कुठेच वापरलेलं नाही.
तपासणारा प्रोग्राम त्याच्याखाली पिवळी रेघ ओढतो: बिनकामाचं.
मी शेजारी लिहून ठेवलंय:
पुसू नका. याचं काम धरून ठेवण्याचं.

अजून एक.
लायब्ररी सुरू होताना स्वतःच एक हाक मारून बघते,
चाचणीची, चार नावांची.
दोन बोटी भंगारात गेल्या, एक आइसलंडला विकली.
चौथी बंदराच्या वहीत आहे,
निघाल्याची वेळ लिहिलेली,
समोरचा रकाना कोरा.

फोनवर विचारलं त्याला.
तो म्हणाला, वारा उत्तरेला वळलाय,
मेंढ्या खाली आणायला हव्यात.
ते नाव लिहायचं होतं, उच्चारायचं नव्हतं.
एवढी आमची भाषा मला येते.

पहाटे चारला यंत्र सुरू करते.
खाली बाइंता बर्फ फोडत असते.
आकडा येतो: चार.
मी पत्त्यावरून पत्त्यावर जाते,
चौथ्या दाराशी शून्यापर्यंत वाचते,
पाटी पुसायच्या आत उतरवून घेते,
ओ देते.

मग रेडिओ खरखरतो,
आणि ‘हायारोस’ येते, तिचं न बोललेलं अक्षर घेऊन,
सहा टन कॉड.