एक मीटर वीस

सराफ्यात सोन्याची शटरं पडली, तवे तापले,
तेव्हा मी शिडी लावली.
कटारिया शेठना पाटीवर दिवे हवे होते,
सज्जाच्या पार टोकाला.
"तारेपासून एक मीटर वीस," मी म्हटलं.
"अहो पोतनीस, हात पुरेल एवढं तरी सरका की!"
हात पुरतो, म्हणूनच तर.

माझी पट्टी लाकडाची, कोरडी.
बावीस वर्षांपूर्वी ह्याच गल्लीत
रामरतननं पोलादी टेप उलगडली होती.
तारेला शिवलीसुद्धा नव्हती म्हणतात,
नुसती जवळ गेली.

दिवे आत घेतले. शेठ फुरंगटले,
"रस्त्यावरून दिसणार कोणाला?"
खालून भुट्ट्याच्या किसाचा वास आला,
कुणीतरी जिरावण जास्त मागत होतं.
वर तार
अंधारात गुणगुणत राहिली,
माझ्यापासून
मोजून तेवढ्याच लांब.