तिसरा दशांश

कुंडईला रात्रपाळी. सोळाशे टनांचा प्रेस.
चारशे ऐंशी अंशांवरचं बिलेट
वितळलेलं नसतं, हे आधीच सांगतो,
कारण भेटेल तो विचारतो, ओतता ना तुम्ही?
ओतत नाही. ढकलतो.
घट्ट असूनच वाहतं ते,
भोक दिसेल तिकडे.

पहिली कांब आली ती डावीकडे वळत,
टेबलावर सरळ बसेचना.
पर्वरीच्या कुठल्याशा इमारतीच्या
सरकत्या खिडकीचा ट्रॅक.
पुलरवरून सगुण ओरडला,
"उजवी कूस धांवता रे!"

धातूला मधोमध घाई असते.
कडेला कंटेनरची भिंत त्याला धरून ठेवते,
कोपऱ्यातला थोडा तर हलतच नाही,
बिलेटमागून बिलेट जातं, तो तिथेच.
जाड अंग पळतं, बारीक पाय रखडतो,
आणि दोघांची कांब एकच,
म्हणून पळणारा रखडणाऱ्याच्या अंगावर वाकतो.

डाय म्हणजे नुसता आकार नव्हे.
आकार कोणीही कापेल.
पळणाऱ्याला किती लांब बेअरिंगवर घासायचं,
रखडणाऱ्याची वाट किती आखूड करायची,
सगळ्यांना एका दमात दाराबाहेर कसं काढायचं,
ते आत असतं, चार-पाच मिलिमीटरांत,
टॉर्च मारल्याशिवाय न दिसणारं.

बाबा मडकईच्या खाजनात मानशीवर असायचे.
ओहोटीला फळ्या उघडल्या
की मधली धार बांध उकरायला निघायची.
"तिच्यापुढे दोन दगड टाक," म्हणायचे,
"कडेचं पाणी आपसूक येईल."
ॲल्युमिनियम त्यांना ठाऊक होतं ते
भाताच्या टोपापुरतं.

नवी इंजिनिअर, शेफाली रायकर,
तिच्या पडद्यावर वेगाचे रंग :
पळतं ते लाल, रखडतं ते निळं.
तिचं निळं आणि माझं बोट
एकाच जागी टेकलं, डाव्या पायाशी.
फक्त ती म्हणाली तीन दशांश,
मी म्हणालो दोन.

डाय उतरवला, कॉस्टिकमध्ये धुतला,
कानस चालवली.
दोनच.
पोलाद काढता येतं,
परत घालता येत नाही.
अठ्ठावीस वर्षांत एवढंच शिकलोय म्हटलं तरी चालेल.

पुन्हा तापवला, पुन्हा चढवला.
कांब निघाली,
अजून केसभर डावी.

शेफाली काही बोलली नाही.
सगुणने चहाचा ग्लास उगाच विसळला.
मी डाय परत उतरवला
आणि तिचा तिसरा दशांश काढला.

पहाटे पाचला टेबलभर कांबी,
सुतासारख्या,
निवताना टिक टिक वाजणाऱ्या.
तिने एकीवर डोळा लावून टोकापर्यंत पाहिलं,
मग मला म्हणाली, तुम्ही बघा.

घरी जाताना बांधाजवळ स्कूटर थांबवली.
मानशीला आता सिमेंटचे खांब आहेत.
ओहोटी लागलेली,
मधली धार पुढे, कडेचं पाणी मागे,
हात खिशात गेला
कानस शोधायला.