दहा वाजता गिटार

ॲटरक्लिफमध्ये, शेफील्डला, जिथे पूर्वी सुऱ्यांना धार लावत
त्या खोलीत आता माझं मिक्सर, आणि बादलीत टपटपणारं छप्पर.
पॅनची बटणं आम्ही घड्याळासारखी वाचतो:
एक गिटार दहा वाजता, दुसरी दोन वाजता,
मधे गाणारीसाठी वाट,
पंगतीत वाढप्याला सोडतात तशी.

डुगलनं गिटार एकदाच वाजवली होती.
म्हणाला, कॉपी करून टाक ना पलीकडे.
टाकली.
दोन्हीकडून निघालेली तीच ती गिटार
बरोबर नाकासमोर येऊन उभी राहिली.
पुन्हा वाजव, म्हटलं.
कुरकुरत वाजवली. तिसऱ्या ओळीत बोट किंचित उशिरा पोचलं
आणि खोली रुंद झाली,
त्या उशिराएवढी.

मग बहिणी.
आईला पुरल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत.
मेरियल मंगळवारी येऊन गायली, थेडा शुक्रवारी,
आणि तरी ओळीच्या शेवटचा ‘स’
दोघी एकाच क्षणी सोडतात.
एका पांघरुणात वाढलेले श्वास; मला त्यात काही कापावं लागलं नाही.
मेरियलला नेलं सातवर, थेडाला पाचवर,
त्यापुढे बटण फिरत नाही.
कानांना छान वाटलं. स्वतःवर खूशही झाले.

शनिवारी त्यांचे वडील आले, सिरिल.
एकतीस वर्षं घणयंत्राशेजारी; उजवा कान तिथेच ठेवून आलेले.
टोपी मांडीवर, हेडफोन डोक्यावर,
शेवटचा झंकार विरेपर्यंत हलले नाहीत.
‘मेरियलनं चांगलं म्हटलंय,’ म्हणाले,
आणि मग, माझ्याकडे न बघता,
‘थेडा आली नाही?’

सांगता आलं असतं. डावं-उजवं, स्टिरिओ, सगळं.
त्याऐवजी दोन्ही बटणं धरली
आणि दोघींना बारावर आणलं.
गिटारींनाही.
बारा वाजले मिक्सचे, डुगल पुटपुटला,
आणि खरंच, सगळं एका चिंचोळ्या दारात कोंबल्यासारखं झालं.

सिरिलनी तीनदा ऐकलं.
बोटानं टोपीची शिवण चाचपत होते.
‘आता कुठली कोण, कळत नाही,’ म्हणाले.
मी एकीला जरा वर आणायला हात नेला,
तर म्हणाले, ‘राहू दे.’

ती वेगळी सीडी करून दिली. वर पेननं लिहिलं: सिरिल, मोनो.
दुकानात गेली ती रुंद.
तिच्यात त्या दोघी अजून
खोलीच्या दोन टोकांना बसल्यात,
‘स’ मात्र एकदमच सोडतात.