तिसऱ्या गेटापाशी

कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, माझं टेबल.
एका पायाखाली पत्र्याचा तुकडा घातलाय, तरी डुलतंच.
लोक येतात आपापली घाई घेऊन.
उताऱ्यावर बापाचं नाव चुकलंय,
आडनावातल्या ळ चा कुणीतरी ल केलाय,
साहेब साडेअकराला उठणार.
मी मराठीत ऐकतो, कानडीत टाइप करतो
आणि मधल्या अर्ध्या मिनिटात
त्यांची घाई माझ्या मानेत उतरते.
अर्जदार कागद घेऊन जातो.
मान माझ्याकडं राहते.

हुद्दार डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला,
फुसफुस हवा भरली.
"दीडशे, शंभर. काय करता दिवसभर?"
"बसतो."
"तेच," त्या म्हणाल्या.
चिठ्ठीवर लिहून दिलं: मीठ कमी, चालणं रोज, झोप सात तास.
मी सवयीनं खाली
अर्जदाराच्या सहीची जागा शोधली.

वत्सलानं संकेश्वरी मिरचीच्या लोणच्याची बरणी
माळ्यावर ठेवली,
नवरा उंच आहे हे विसरून.

पहाटे व्हॅक्सिन डेपोत ईरण्णा भेटतो.
खासबागेतला विणकर, मागाच्या खटखटीनं
कान निम्मे गेलेले, त्यामुळं बोलतो तो सगळ्या झाडांना ऐकू जातं.
तो कानडीत, मी मराठीत.
गोळी दोघांची एकच, तीच पिवळसर.
पहिल्या दिवशी मी असा चाललो
जसं काही खिडकी बंद व्हायला आलीय.
मागून त्याची हाक आली:
"सावकाश होग्री मास्तर, सावकाश!"
मी थांबलो.
तीस वर्षं शब्द इकडून तिकडं नेतोय,
पानामागं दहा रुपये.
या शब्दाला मला काहीच करायचं नव्हतं.
तो दोन्हीकडं आधीच राहत होता,
मीच त्याच्याकडं कधी गेलो नव्हतो.

तिसरं गेट पडलं की पूर्वी मी
हॉर्न दाबायचो, गेटमनच्या घराण्याचा उद्धार करायचो.
आता स्कूटर बंद करतो.
मालगाडीच्या एका डब्याला एक श्वास,
बाहेर सोडायचा, जरा लांबवून.
काल एकोणिसाव्या डब्याला मोजणी चुकली.
मागून कुणीतरी हॉर्नवर हात दाबून धरला.
वळून बघितलं नाही.
मला वाटलं, मीच असणार.

रात्री साडेनऊला फोन तांदळाच्या डब्यात.
कुठल्या पाटीवर कुठली लिपी
यावरून ग्रुपवर पेटलेले सगळे
यळ्ळूरच्या बासमतीत झोपतात.
सकाळी फोनला वास छान येतो.
बातम्या त्याच.

सगळं जमलंय असं नाही.
भाचीच्या लग्नात दोनदा कुंदा घेतला,
पापड तर मोजलेच नाहीत,
आणि त्या रात्री मांडववाल्याशी भांडलो.
पुढच्या सोमवारी डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत,
नुसती हवा भरली, सोडली,
पुन्हा भरली.
बरणी आता माळ्यावरून वत्सलाच्या माहेरी गेलीय.

गेल्या महिन्यात एकशे छत्तीस, नव्वद.
ईरण्णाचे माझ्यापेक्षा कमी. तो मुद्दाम मोठ्यानं सांगतो.

आज जांबोटीकडची एक म्हातारी आली,
पदरात चार कागद, चारही ओले.
"लवकर लिव्ह की रं बाबा, गाडी जातंय माझी."
माझी बोटं कळांवर गेलीच होती.
मान जागी झाली.
मी उठलो, मडक्यातलं पाणी तांब्यात ओतून
तिच्यापुढं ठेवलं.
"बसा आजी. पुढची गाडी चारला आहे.
सावकाश सांगा."
ती बसली. पाणी प्याली. माझ्याकडं नाही,
टेबलाकडं बघत राहिली थोडा वेळ.
मग पिशवीतून जुनी तिकिटं काढली,
घडीवर घडी घातली,
वाकून त्या डुलत्या पायाखाली सारली,
हातानं टेबल हलवून बघितलं,
आणि सासऱ्यापासून सांगायला लागली.