बदके चार

पास्कोलनं आणली तेव्हा बुटाच्या खोक्यात मावली, पाच.
एक वाटेतच गेलं, खोक्याच्या कोपऱ्यात.
त्याचं कोणाला काही बोललो नाही आम्ही.
उरलेल्यांना शिलाई मशीनचा दिवा दिला,
तीन आठवडे.
ब्लाउज मी दारात बसून शिवले, उन्हं असेपर्यंत.

लोकांना वाटतं बदकाचं पिल्लू म्हणजे पाण्याचंच.
टोपात सोडलं तर भिजतं ते, फडक्यासारखं,
काकडतं, आणि आपण टॉवेल शोधत धावतो.
पिसांना तेल लागायला आईच्या पोटाखाली बसावं लागतं.
माझ्याकडे आई नव्हती. चाळीसचा बल्ब होता.

खाणं म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य,
त्यात चिमूटभर यीस्ट, नाहीतर पाय लुळे पडतात.
माठाची पानं चिरून. कधी जवळा.
पाव नाही.
टॉवरमधली पोरं कुंपणावरून पाव टाकतात,
मी वेचून घेते, त्यांच्या देखत, मुद्दाम.

निळा ड्रम आडवा कापून घेतला, विहिरीपाशी ठेवला.
सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत शेणकाला.
तो सगळा बिमलीला.
अर्ध्या खारोडीचे सुके बोंबील
हल्ली माझ्या बिमलीत शिजतात.

मोठी झाली तसा नर ओळखू आला.
डोकं बाटलीच्या काचेसारखं हिरवं,
शेपटीवर एक पीस वळलेलं, ब्लाउजच्या हुकासारखं.
रंग सगळा त्याच्याकडे,
आवाज सगळा तिघींकडे.
तो आपला घसा बसल्यासारखा पुटपुटतो.

त्या आवाजापायी सातव्या मजल्यावरचा घैसास आला,
रात्रपाळीचा पोरगा, डोळे लाल.
मी म्हटलं, आलास तर हिला धर जरा.
पंख छाटायचे होते.
त्यानं धरलं, काचेचं भांडं धरावं तसं.
मी डाव्या पंखाची लांब पिसं कापली. कापडाची कात्री नव्हे, ती वेगळी.
“दुसरा पंख?”
“दुसरा नाही. दोन्ही छाटले तर तोल राहतो,
तोल राहिला की उडतात.”
बराच वेळ तो जमिनीवरच्या पिसांकडे बघत होता.
मग चहा घेतला. तक्रारीचं राहूनच गेलं.

मे महिन्यात नरानं हिरवं डोकं उतरवून ठेवलं.
तिघींसारखाच मळकट झाला.
पास्कोल घाबरला, रोग आला म्हणाला.
मी म्हटलं, लग्नाचा सूट वर्षभर कोण घालतं?
पुढे चौघांचीही पिसं गळाली, अंगणभर,
आणि ऑगस्टात नवी आली.
दोन्ही बाजूंना.
मोतमाउलीच्या जत्रेचे फ्रॉक होते हातात.
उद्या म्हटलं. मग परवा म्हटलं.

पहाटे पाचला टॉवरच्या वॉचमनचा फोन.
“नातालबाय, तुमची चार जणं आमच्या स्विमिंग पुलात आहेत.”

भाताचा डबा घेऊन गेले, गाऊनवरच.
एवढं निळं पाणी मी पण जवळून बघितलं नव्हतं.
चौघं मधोमध. डोकं खाली, शेपूट वर,
पुन्हा वर येऊन अंग झाडणं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती रेघ ओढत जाणं.
मला वाटायचं, माझा ड्रम पुरतो.

डबा वाजवला. या या या.
आली नाहीत. पहिल्यांदाच.
घैसास ड्युटीवरून येत होता, गळ्यात ओळखपत्र.
काही बोलला नाही, बूट काढून काठावर बसला.
वॉचमन पण बसला, कमिटीला भिणारा माणूस.

किती वेळ गेला कोण जाणे.
मग थोरली आपणहून बाहेर आली, तिच्यामागे बाकीची,
ओल्या पावलांचे ठसे उमटवत लॉबीतून, गेटपर्यंत.
वॉचमननं वही उघडली.
बदके चार. आत येण्याची नोंद नाही.
बाहेर पाच चाळीस.
सही करा, म्हणाला. केली.

घरी ड्रममध्ये धुतली, तरी क्लोरीनचा वास जाईना.
कात्री काढली. गंज चढला होता.
धार लावणारा आमच्या गल्लीत गुरुवारी येतो.
आज शुक्रवार.