पाऊणपट

एकतीस वर्षं मी फळ्यावर कोकण काढलं.
निळा खडू संपला की पांढराच,
डावीकडे तिरप्या रेघा ओढल्या की झाला समुद्र.
त्याला वास कसा असतो
हे सहावी 'ब'नं कधी विचारलं नाही,
म्हणून माझं निभावलं.

निवृत्तीच्या पाकिटातून एक दिवस विकत घेतला.
खाजगी सहल, माणूस एक, जेवण धरून,
रेवदंडा ते कोर्लई,
वाटाड्या इल्यास मुकादम.
तटाला हात लावूनच तो बोलायचा,
गोठ्यातल्या बैलाला लावतात तसा.
"भिंत फिरंग्यांची. शेवाळ आमचं."
मी वही काढली तर म्हणाला,
"बाई, लिहू नका. एवढंच ध्यानात ठेवा,
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ."
त्या दिवशी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा.
सहाला मी वाळूत उभी राहिले
आणि पाणी आलं.
माझ्या वर्गात इतकं वेळेवर कोणी येत नसे.

दोन वर्षांनी, ऐन मे महिन्यात, फोन.
"पराते बाई, नागपुरात आहे.
लेकीला मिहानात नोकरी लागली, हॉस्टेलवर सोडून आलो.
गाडी रात्रीची. दिवस कुठे घालवू?"

मी छत्री घेतली.
खिशात ठेवायला त्याला कांदा दिला.
"हा कशाला?"
"ऊन लागत नाही."
त्यानं तो दिवसभर सांभाळला, ओळखपत्रासारखा.

ऑटोवाला म्हणाला,
"एवढ्या तपनीत या सायबाले काय दाखवता, बाई?"
"समुद्र."
तो हसला नाही. "मंग फुटाळ्याले चला," म्हणाला,
आणि मीटर न टाकता निघाला.

फुटाळ्याच्या काठावर इल्यास उकिडवा बसला,
बोट बुडवून जिभेला लावलं.
"गोडं आहे," म्हणाला,
पाण्याचा काही गुन्हा असावा तसा.
"भरती कधी?"
"वर्षातून एकदा. श्रावणाच्या आसपास."
"आणि ओहोटी?"
"ही काय, चालू आहे."

सीताबर्डीचा किल्ला त्यानं खालूनच पाहिला,
मान वाकडी करून, बराच वेळ.
पाणी नसताना किल्ला बांधणाऱ्यांबद्दल
त्याचं मत चांगलं झालं नाही.

मग झिरो माईल.
दगडी घोडे, दगडी खांब, त्यावर गावं आणि मैल.
बोटानं एकेक गाव वाचत तो खांबाभोवती फिरला.
"यात आमचं रेवदंडा नाही."
"नाही."
"समुद्राकाठचं एकही नाही."
मी पुन्हा वाचून पाहिलं. नव्हतं.
तो माझ्या छत्रीबाहेर उन्हात उभा राहिला.
"म्हणजे ती सगळीकडूनच लांब."

ती म्हणजे कोण, हे मला कळलं.
अशा वेळी वाटाड्यानं काहीतरी सांगायचं असतं,
सन, राजा, नाहीतर एखादी दंतकथा.
मला एवढंच सुचलं,
"रविवारी माझ्याकडे जेवत जाईल."

स्टेशनवर त्यानं नोटा पुढे केल्या.
"खाजगी सहल. जेवण धरून."
मी मोजून घेतल्या.
त्यानंही तेव्हा मोजूनच घेतल्या होत्या.
गाडी हलल्यावर आठवलं,
कांदा त्याच्याच खिशात राहिला.

सुमय्या रविवारी येते.
सावजी रश्शानं डोळ्यांत पाणी येतं, तरी वाटी पुढे करते.
आल्या आल्या दारामागचं कॅलेंडर बघते.
"आज चतुर्थी. तीन."

तीनला आम्ही पाइप ओढत गच्चीवर नेतो,
कुलरची टाकी भरायला लावतो.
वाळ्याच्या ताट्या ओल्या होतात,
पाणी खुणेपर्यंत चढतं.
ती मनगटापर्यंत हात बुडवून म्हणते,
"अजून थोडं. आमच्याकडे आता
तिसऱ्या पायरीला लागलं असेल."

मी नळ चालूच ठेवते.